बाटलीवरचा भूगोल

ताई,

तुला दवाखान्यात नेलं त्या सकाळी तू न्हाणीघरात एक बाटली भिजत घातली होतीस. गडबडीत कुणाचंच तिकडे लक्ष गेलं नाही. तुझं सगळं आटोपून तुझ्या घरी आलो, हातपाय धुवायला आत गेलो, तर निळ्या बादलीत ती बाटली आडवी पडलेली आणि लेबल सुटून पाण्यावर तरंगत होतं. इतके दिवस पाण्यात राहून त्याचा लगदा व्हायला आला होता. तुझ्यासारखा खालून तळहात घालून उचलायला गेलो, तर बोटांतून निसटलं आणि त्याचे तुकडे झाले. तू असतीस तर एकच शब्द म्हणाली असतीस, "धसमुसळा." बाटली भंगाराच्या पिशवीत टाकली, बादली धुऊन पालथी घातली. कुठल्या गावचं लेबल होतं, तेही वाचता आलं नाही.

हा नाद तुला मी लावला, असं तू सगळ्यांना सांगायचीस. खरं तर मी फक्त एक कागद आणला होता. दोन हजार साल उजाडताना जगातले सगळे संगणक बंद पडणार, अशी धास्ती होती आणि त्या धास्तीवर पुण्यातली आमच्यासारखी पोरं पहिल्यांदा विमानात बसत होती. मला जर्मनीला पाठवलं. घरमालकीण म्हातारी होती, रविवारी दुपारी एक बाटली उघडून खिडकीशी बसायची. त्या बाटलीवर एक चित्र होतं. नदीचं मोठं वळण आणि त्याच्या कडेला भिंतीसारखा उभा उतार, त्यावर द्राक्षांच्या ओळी. मला फळ्यावर नदीची वळणं काढणारी तू आठवलीस. म्हातारीला खाणाखुणा करून विचारलं, तर तिनं गरम पाण्यात बाटली बुडवून लेबल काढून दिलं आणि वर्तमानपत्रात दाबून वाळवूनही दिलं.

घरी आलो तेव्हा चॉकलेटं तू न बघता बाजूला ठेवलीस. लेबल मात्र चष्मा लावून किती तरी वेळ बघत होतीस.

"बाटली कुणी संपवली?"

"घरमालकिणीनं."

"तू?"

"नाही गं."

"मग तिला कळव, उरलेल्याही संपव म्हणावं. माझ्या भावाच्या हाती लेबलं पाठव."

मग नकाशाचं जाडजूड पुस्तक काढलंस, मोझेल नदी शोधलीस आणि बोटानं वळण दाखवलंस. "बघ, नदी इथं अशी वळते, म्हणून हा उतार दक्षिणेकडे तोंड करून आहे. थंड मुलखात ऊन असं गोळा करावं लागतं." मी त्या भागात महिनोन् महिने राहून आलो होतो. मला हे माहीत नव्हतं.

त्यानंतर आमच्या ऑफिसातला जो कुणी परदेशी जाई, त्याला निघताना तुझा निरोप मिळे. ऑफिस खराडीला गेलं, माणसं वाढली, तशी तुझी लेबलंही वाढली. इटली, स्पेन, चिली, दक्षिण आफ्रिका. आणून देणाऱ्याला तू विश्रांतवाडीच्या घरी बोलवायचीस, पोहे द्यायचीस आणि मग शिकवायला बसायचीस. शाळेतून निवृत्त व्हायला अजून अवकाश होता, पण वर्ग तुला पुरत नसावा. "फ्रेंच माणूस द्राक्षाचं नाव लिहीत नाही," तू सांगायचीस, "गावाचं लिहितो. गाव सांगितल्यावर कळायला पाहिजे. नाही कळलं तर तो तुमचा दोष. आपल्या पेठेतल्या दुकानदारासारखं आहे ते. ऑस्ट्रेलियावाला मात्र सगळं सांगतो, द्राक्ष कुठलं, चव कशी, कशाबरोबर घ्यायची. त्याला गिऱ्हाईक पाहिजे." पोरं हसायची. मग कुणी तरी आपली माहिती दाखवायला जायचं आणि लेबलावरचं साल बाटली भरल्याचं आहे म्हणायचं. तू शांतपणे म्हणायचीस, "तोडणीचं. त्या वर्षी पाऊस कसा होता, ते त्यावरून कळतं. भरणारा कधीही भरेल."

जुनी लेबलं डिंकाची असत, ती धुण्याच्या सोड्याच्या गरम पाण्यात सुटायची. पुढं चिकटपट्टीसारखी लेबलं आली तेव्हा तू वैतागलीस. बाटलीतच कढत पाणी भरून, सुरीच्या पात्यानं कोपरा उचलून ती सोडवायला शिकलीस. गच्चीत, न्हाणीघरात, ओट्याखाली बाटल्या. खालच्या मजल्यावरच्या काकूंनी एकदा जिन्यात गाठून विचारलं, "बाई, पाहुणे फार येतात का हो तुमच्याकडे?" तू म्हणालीस, "नाही. बाटल्याच येतात."

विहारातही कुजबुज झाली. तू दर पौर्णिमेला पांढरी साडी नेसून जाणारी, पंचशील म्हणणारी, आयुष्यात मद्याचा थेंब न चाखलेली. एका कार्यकर्त्यानं धीर करून विचारलंच, हे असलं तुम्हाला कसं चालतं म्हणून. "मी चाळीस पोरांना ज्वालामुखी शिकवते," तू म्हणालीस, "म्हणून मी त्यात उडी मारत नाही." पुन्हा कुणी विचारलं नाही.

पण मला माहीत होतं, तुला हे सोपं नव्हतं. आपल्या वडिलांच्या, अण्णांच्या बाटलीवर कधी लेबल नव्हतं. कुठल्या तरी ओढ्याकाठी गाळलेलं काही तरी, तेलाच्या बाटलीत. खडकीला दारूगोळ्याच्या कारखान्यात दिवसभर इमानानं काम करणारा माणूस संध्याकाळी जिना चढायला लागला की पावलांच्या आवाजावरून तू ओळखायचीस, आज मिलिंदला बाहेर न्यायचं की नाही. आई तेव्हा नव्हतीच. माझा हात धरून तू मला बोपोडीच्या पुलावर न्यायचीस. मला वाटायचं, ताई फिरायला नेते. हे पाणी कुठल्या डोंगरातून आलं, पुढं संगमावर मुठेला कसं मिळतं, मग भीमेत, मग कृष्णेत, मग समुद्रात. मी पेंगायला लागेपर्यंत तू नदी पुढं पुढं नेत राहायचीस. मग घर शांत झालं असेल, अशा बेतानं आपण परत यायचो. तू का नेत होतीस, हे मला कॉलेजात गेल्यावर कळलं. त्याबद्दल तुला कधी काही म्हणालो नाही. आता म्हणतोय, तर ऐकायला तू नाहीस. तरी म्हणतो. ताई, माझं लहानपण नदीवर गेलं, दारूत नाही गेलं, ते तुझ्यामुळं.

आणि त्याच मी तुला एका रविवारी येऊन सांगितलं, की मी नोकरी सोडतोय.

शेखरला तू ओळखत होतीस. माझ्याबरोबर होस्टेलला होता, तुझ्या हातचं खाऊन गेलेला. नारायणगावच्या पुढं त्याची द्राक्षबाग आहे. त्यानं वाइनची द्राक्षं लावली होती आणि छोटी वायनरी काढायची म्हणत होता. मी वर्षभर शनिवारी रविवारी पुण्याजवळच्या मांजरी गावी जाऊन वाइन करायचं शिकून घेत होतो. तुला सांगितलं नव्हतं, कारण काय सांगायचं तेच ठरत नव्हतं. तुझ्यासमोर अल्बम उघडा होता. तू मान वर न करता विचारलंस, "म्हणजे तू दारू गाळणार."

"वाइन, ताई."

"अण्णाही कधी दारू म्हणाले नाहीत. औषध म्हणायचे."

मी खूप बोललो. शेतकऱ्याच्या मालाला भाव, थोडी पिणं आणि बुडून जाणं यातला फरक, संगणकासमोर बसून मला आलेला कंटाळा. तू सगळं ऐकून घेतलंस. मग म्हणालीस, "बुद्धांनी पाच धंदे करू नका म्हणून सांगितलंय. शस्त्रांचा, माणसांचा, मांसाचा, विषाचा आणि मद्याचा. जगात इतके धंदे आहेत. तू नेमका त्यातला शोधलास."

माझ्या तोंडून निघून गेलं, "अण्णा शस्त्रांच्याच कारखान्यात होते. त्यावरच आपण वाढलो."

तू चष्मा काढून पुसलास. "उत्तर चांगलं आहे," म्हणालीस. "पण त्यानं प्रश्न मिटत नाही." आणि आत जाऊन चहा टाकलास. मला जेवायला थांबवलंस. वाद तिथंच राहिला.

तू अबोला धरला नाहीस, हे मी विसरणार नाही. दर दोन दिवसांनी फोन यायचा. माझी लेक मित्रा, तिचा अभ्यास, माझी पाठदुखी, सगळं विचारायचीस आणि शेवटी म्हणायचीस, "आणि तुझं ते कसं चाललंय?" इतकी वर्षं तू वायनरी हा शब्द उच्चारला नाहीस. तुझं ते. मला आधी राग यायचा, मग हसू यायला लागलं. आता कुणी नुसतं "कसं चाललंय" म्हणालं तरी ऐकायला अपुरं वाटतं.

आमचं पहिलं लेबल छापून आलं तेव्हा मी ते घेऊन धावत तुझ्याकडे आलो. मला वाटलं होतं, निदान अल्बमात जागा मिळेल. तू ते हातात घेऊन उलटं सुलटं केलंस.

"हे छापखान्यातून आलंय."

"हो, मग?"

"बाटलीवर चढलेलं नाही. माझ्याकडे बाटलीवरून उतरलेली असतात."

"मग उतरवून आणतो."

"त्यासाठी ती कुणी तरी प्यावी लागेल. ते मी तुला सांगणार नाही."

एवढं बोलून तू ते परत द्यायला हवं होतंस. पण हातात लेबल आलं की वाचल्याशिवाय तुला राहवत नसे. तू खिडकीशी गेलीस आणि तिथूनच सुरू झालीस. "गावाचं नाव कुठंय? नुसतं सह्याद्री लिहिलंय. सह्याद्री गुजरातेपासून खाली केरळापर्यंत आहे. माणसानं कुठं शोधायचं? आणि ही टेकडी कुठली? अशी टोकदार, हिरवीगार?"

मी म्हणालो, "मुंबईच्या डिझायनरनं काढलीय."

"त्यानं युरोपातली काढलीय. आपल्याकडे लाव्हाचे थर एकावर एक बसलेत. डोंगराचा माथा सपाट असतो, कडेला पायऱ्या असतात. शाळेत शिकवलं होतं तुला." मग लेबल माझ्या हातात ठेवून म्हणालीस, "मी तुझ्या धंद्याला मदत करत नाहीये. भूगोल दुरुस्त करतेय."

पुढच्या आठवड्यात तूच फोन करून विचारलंस, शेखरच्या बागेमागचा डोंगर नेमका कसा दिसतो. मी फोटो पाठवतो म्हणालो. तू म्हणालीस, "फोटोत उतार कळत नाही." थंडीचे दिवस होते. मी गाडी काढली. तू डबा घेतलास, पाण्याची बाटली घेतलीस आणि शिसपेन्सिल घेतलीस. वाटेत खेडच्या घाटात काच खाली करून दगड बघत होतीस.

शेखर वायनरी दाखवायला पुढं झाला. तू त्याला अगदी सौम्यपणे म्हणालीस, "मी आत येणार नाही. बाग दाखव." उन्हात, डोक्यावर पदर घेऊन, ओळींमधून तू चालत गेलीस. हातात माती घेऊन चुरलीस. डोंगराकडे तोंड करून बांधावर बसलीस आणि कागदावर चार रेघा ओढल्यास. सपाट माथा, दोन पायऱ्या, खाली बाग. मग शेखरला विचारलंस, "एक घड खाऊ का?" त्याला काय आनंद झाला! वाइनची द्राक्षं लहान, जाड सालीची, बियांची. तू एकेक मणी चावून, बिया तळहातावर काढून, सावकाश सगळा घड संपवलास. मी शेजारी उभा होतो. तू हात धुतलेस आणि म्हणालीस, "फार गोड आहेत. मिलिंदा, इथंच थांबला असतास तर."

 

नवं लेबल तुझ्या रेघांवरून झालं. गावाचं नाव मोठ्या अक्षरात, मराठीतून आणि इंग्रजीतून. डोंगराचा माथा सपाट. ते दाखवायला आणलं तेव्हा तू समोरची बाजू बघून "बरोबर" म्हणालीस. तुझ्या तोंडून तो शब्द म्हणजे काय, हे तुझ्या विद्यार्थ्यांना विचारावं. मग मागचं लेबल उलटलंस. मद्यपान आरोग्यास हानिकारक असल्याची सूचना तळाशी बारीक अक्षरात होती. तू ती डोळ्यांजवळ नेलीस, लांब धरलीस.

"हे मला वाचता येत नाही."

"नियमात बसतं, ताई."

"नियमात बसतं म्हणजे वाचता येतं असं नाही. तुला खरंच सांगायचं असेल तर नीट लिही. नसेल सांगायचं तर डोंगर तरी कशाला नीट काढलास?"

शेखर या वेळी चिडला. "बाटली विकायची आहे की भिंतीवर घोषणा रंगवायची आहे?" मी म्हणालो, माझ्या ताईला चष्म्याशिवाय वाचता आलं पाहिजे. आमचं चांगलंच वाजलं. शेवटी तो म्हणाला, "कर बाबा. ताईंनी घड खाल्लाय माझ्या बागेतला." सूचना मोठी झाली, ठळक मराठीत. एका हॉटेलवाल्यानं नमुना परत पाठवला. बाकीच्यांनी मागचं लेबल वाचलंच नाही. हे तुला सांगितलं तेव्हा तू इतकी हसलीस, की ठसका लागला.

काल दुपारी तुझे अल्बम काढून बसलो होतो. देश, मग नदी, मग गाव, अशी तुझी मांडणी. प्रत्येक लेबलाखाली शिसपेन्सिलीनं आणणाऱ्याचं नाव. किती जण आता अमेरिकेत आहेत, काही तर आपापसांत बोलतही नाहीत, तुझ्याकडे मात्र शेजारी शेजारी चिकटलेत. मी भारताचं पान काढलं. नाशिककडची लेबलं होती, कर्नाटकातली होती. आमचं नव्हतं. मी पुन्हा पहिल्यापासून बघितलं, मागचे खिसे बघितले. नव्हतंच. ताई, मला वाटलं होतं वाईट वाटेल. पण उलट कसा तरी धीर आला. शेवटी मवाळ होऊन, मला बरं वाटावं म्हणून, तू ते मागून गुपचूप लावलं असतंस, तर ती तू नसतीस. तू नाही म्हणालीस आणि माझ्यावर तितकीच माया करत राहिलीस. दोन्ही एकाच वेळी करता येतं, हे मी दुसऱ्या कुणाकडून शिकलो नसतो.

शेखर परवा भेटायला आला होता. जाताना चाचरत म्हणाला, अल्बममधली निवडक लेबलं फ्रेम करून आपल्याकडे लावू, लोक वाइन चाखायला बसतात त्या खोलीत. ताईंची आठवण राहील. त्याचा हेतू चांगला होता. डोळे भरलेले होते त्याचे. मी म्हणालो, "तिनं त्या खोलीत पाऊल ठेवलं नाही. तिची लेबलं कशी नेऊ?" त्यानं लगेच मान हलवली. अल्बमचं काय करायचं ते अजून ठरलेलं नाही. मित्रा म्हणते, आत्याच्या शाळेत भूगोलाच्या खोलीत देऊ. शाळा दारूच्या बाटल्यांची लेबलं घेईल का, माहीत नाही. तू असतीस तर मुख्याध्यापकांना दोन मिनिटांत गप्प केलं असतंस.

आता आज सकाळचं सांगतो आणि थांबतो.

तुझ्या पुण्यानुमोदनाच्या विधीला भन्तेजी आले होते. घर माणसांनी भरलं होतं. तुझे विद्यार्थी, विहारातली माणसं, खालच्या काकू, खराडीचे माझे जुने सोबती. तुझ्या फोटोसमोर सगळे हात जोडून बसलो आणि पंचशील सुरू झालं. मी धंद्यात पडल्यानंतरच्या पहिल्याच पौर्णिमेला तुझ्याशेजारी बसून पाचही शीलं म्हणालो होतो, सवयीनं. बाहेर आल्यावर चपला घालताना तू हळूच म्हणालीस, "मिलिंदा, यापुढे चारच म्हण. मद्यापासून दूर राहीन हे पाचवं. खोटं बोलणार नाही हे चौथं. तू पाचवं म्हटलंस की चौथं मोडतं." त्या दिवसापासून मी चारच म्हणत आलो. आजही चौथं नीट, स्पष्ट म्हणालो आणि पाचव्याला तोंड मिटलं.

मित्राच्या ते लक्षात आलं. सगळं झाल्यावर स्वयंपाकघरात मला गाठून तिनं विचारलं, "बाबा, तू पाचवं म्हणालाच नाहीस. का?"

मी तिला तू सांगितलेलं कारण सांगितलं, तुझ्याच शब्दांत.

ती खो खो हसत सुटली. तोंडावर ओढणी दाबली तरी हसू बाहेर यायचं ते आलंच. "आत्या म्हणजे ना," एवढंच तिला म्हणता येत होतं. बाहेर बसलेली माणसं माना वळवून बघायला लागली. काकू दारात आल्या. मलाही हसू आवरेना. भांड्यांच्या रॅकला धरून आम्ही बापलेक हसत होतो, आणि हसता हसता मला रडू फुटलं. तू गेल्यापासून ते आलंच नव्हतं. मित्रानं ओट्यावरचा टॉवेल माझ्या हातात दिला आणि दार हळूच ओढून घेतलं.

तुझा,
मिलिंद